विहीणबाईंच्या दारातलं तेल

माझा थोरला भाऊ आनाक्लेतो याला आमच्या गावातली अर्धी माणसं आस्वांग समजत. उरलेली अर्धी समजत नसत, कारण ती आमची नातेवाईक होती. त्यांच्यातलेही दोघेतिघे अंधार पडला की बाजू बदलत.

आस्वांग म्हणजे काय हे आमच्या कापिस प्रांतात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. दिवसा तो तुमच्याआमच्यासारखा असतो, मासळीचा भाव करतो, रविवारी चर्चमध्ये मिस्साला येतो. दिवे लागले की गरोदर बाईच्या नाहीतर बाळंतिणीच्या छपरावर जाऊन बसतो आणि झापांच्या फटीतून जीभ खाली सोडतो. जीभ दोऱ्यासारखी बारीक असते म्हणे. आता माझ्या भावाची जीभ सारखी बाहेर यायची हे खरं. पण ती दोऱ्यासारखी नव्हती, चांगली जाडजूड होती, आणि तिला माडीचा वास यायचा.

क्लेतो माडी काढायचा. कमरेला कोयती, खांद्यावर बांबूचं नळकांडं, पहाटे एकदा आणि दिवस कलताना एकदा माडावर. त्याची बायको साल्वा पहिल्याच बाळंतपणात गेली, तेव्हा ती पोर, मेरिविक, मी वाढवली. मी सुकी मासळी विकते. माझ्या अंगाला येणाऱ्या वासाबद्दल क्लेतो जे बोलायचा ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्याच्या पायापासून सुरुवात झाली. अडतिशी ओलांडली आणि उजवं पाऊल आत वळायला लागलं. तो म्हणाला चप्पल वाईट आहे. नवी आणली, तर तीही वाईट निघाली. मग मान डावीकडे पिळायला लागली, ओलं फडकं पिळावं तशी, आणि तिथेच राहायला लागली. आई तेव्हा होती. ती चुलीपाशी बसून बघायची. तिचा भाऊ असाच पिळत पिळत गेला होता, शेवटी त्याला घासही गिळता येईना. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली आणि त्या दिवसापासून जेवताना ती त्याच्या उजव्या हाताला बसायची बंद झाली, डाव्या हाताला बसायला लागली, त्याला तिचं तोंड दिसावं म्हणून.

मी त्याला इलोइलोला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती, अजून खोटं बोलायला शिकली नव्हती. म्हणाली, "याला तुमच्याकडे लुबाग म्हणतात ना? पिळा. जगात हा फार थोड्यांना होतो, आणि झाला तर बहुतेक तुमच्या बेटावरच्या माणसांना. तो जाणार नाही, वाढत जाईल. आईकडून येतो आणि सहसा पुरुषांना होतो. मुली सुटतात, पण पुढे देतात. तुमच्या मुलीला मुलगा झाला, तर होण्या-न होण्याची शक्यता निम्मी निम्मी."

क्लेतो मग म्हणाला, "दुसऱ्यांच्या बेटांवर सोनं सापडतं, तेल सापडतं. आमच्याकडे हे. डॉक्टरीणबाई, परदेशी पाठवता येईल का? भाव बरा मिळेल."

ती हसली आणि मग चष्मा पुसत बसली. परत येताना बसमध्ये तो झोपला. झोपेत त्याचा पिळा सुटायचा. मान सरळ, पाय सरळ, तोंड मिटलेलं. मी सगळी वाट त्याच्याकडे बघत होते. माझं लग्न झालेलं नाही, आणि त्या दिवसानंतर लग्न राहिल्याचं मला वाईट वाटणंही थांबलं; मीही तो पिळा पुढे दिला असता.

आजाराशी त्याने भांडण केलं नाही, थट्टा केली. पवित्र भाकर घ्यायला रांगेत उभा राहिला की त्याची जीभ आधीच बाहेर. "पाद्रीबाबांना विचार," तो म्हणायचा, "माझ्याइतका तयार माणूस अख्ख्या कापिसमध्ये नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला, असली माणसं आमच्याकडे पुष्कळ. माझ्या भावाची तेवढी टाळ्याला लागत नव्हती.

पुढे चालताना त्याचं पाऊल वळायचं, तो धडपडायचा. एकदा चिखलातून काठी ओढत मागे मागे येताना त्याच्या लक्षात आलं की उलटं चालताना पाय गुमान ऐकतात. डॉक्टरीण म्हणाली, या आजारात असं होतं, का ते नक्की कळत नाही. झालं. तेव्हापासून क्लेतो विहिरीवर उलटा जायचा, बाजारात उलटा जायचा. "मान वळलेलीच आहे," म्हणायचा, "मागचं आयतं दिसतं." पण पहाटेच्या धुक्यात पाठमोरा माणूस आपल्या दिशेने येतोय आणि त्याचा चेहरा मात्र खांद्यावरून आपल्याकडे बघतोय, हे ज्याने पाहिलं तो घरी जाऊन हसत नसे. आस्वांग दूर ठेवायला दाराला लसणाच्या माळा लागल्या. माडी मात्र लोक घेत राहिले, कारण ती गोड होती.

आणि माड. त्याबद्दल मी आजवर फार बोललेले नाही.

खाली जो माणूस पेला तोंडाला लावताना निम्मा अंगावर सांडायचा, तो खोडाला हात लावला की सरळ व्हायचा. खाचेत पाय, हात वर, पुन्हा पाय. एकदाही न थांबता शेंड्यापर्यंत. वर गेला की झावळ्यांत बसून फुलोऱ्याची पोय कापायचा, नळकांडं बदलायचा, आणि मग थोडा वेळ नुसता बसायचा. दिवस मावळत असायचा. मी अंगणातून बघायची. त्याचं बोटसुद्धा हलत नसे. त्याचा पिळा मला इतका सवयीचा झाला होता की वर बसलेला तो सरळ, स्तब्ध माणूस माझा भाऊ वाटत नसे. मी हाक मारायची, "मानोंग," थोरल्या भावाला आमच्याकडे असंच म्हणतात, "उतर आता." वरून लगेच उत्तर येत नसे. येईपर्यंत मी हाका मारत राहायची. उतरून पहिलं पाऊल जमिनीवर टाकलं की ते आत वळायचं, मान फिरायची, आणि मला, देवा मला क्षमा कर, हायसं वाटायचं.

"वर काय करत होतास?"

"स्वतःला भेटून आलो," तो म्हणायचा. "बरा आहे म्हणाला."

मेरिविकचं लग्न नदीपलीकडच्या जुनेलशी झालं. जुनेल मासेमारीच्या बोटीवर, महिना महिना समुद्रात. घरात सासू, कोन्सोर्सिया. बाई कष्टाळू, देवभोळी, आणि जिभेला धार. लग्नाला तिने ना म्हटलं नव्हतं, पण क्लेतोकडे बघताना तिचा हात गळ्यातल्या क्रुसावर असायचा. मेरिविकला दिवस गेले तेव्हा तिने वैदूकडून तेलाची बाटली आणून दारालगतच्या खांबाला टांगली. गुड फ्रायडेला एकट्या उभ्या माडाच्या नारळाचं काढतात ते तेल. आस्वांग जवळ आला की ते आपोआप उकळतं. खाली विस्तव लागत नाही.

पोटात मूल हलायला लागलं तसे आम्ही भेटायला गेलो. मी मेरिविकसाठी कोंबडी आणि शेवग्याचा पाला घेतला होता. कोन्सोर्सियाचं घर खांबांवरचं, खाली बांबूच्या पट्ट्यांची जमीन. क्लेतो शिडी चढून दारात उभा राहिला, नेहमीसारखा पाय थरथरत, मान वळलेली. आणि बाटलीत तळापासून बुडबुडे आले. आधी एक-दोन, मग भराभर, मग फेस बुचापर्यंत.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. मी शिकलेली नाही, पण आंधळीही नाही. खाली कुत्रं झोपलं होतं, ते उठून निघून गेलं.

क्लेतोने बाटलीकडे पाहिलं. "विहीणबाई," तो म्हणाला, "तेल तापलंच आहे तर मासे तळून घ्या. मीही जेवून जाईन."

हा विनोद पुढे अख्ख्या कापिसमध्ये फिरला असेल. त्या वेळी कोणी हसलं नाही. कोन्सोर्सियाने मेरिविकला मागे ओढलं. "व्याही, तुम्ही चांगले आहात का वाईट, ते देव बघेल. पण या शिडीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही. मूल झाल्यावरही नाही."

"अहो, बाप आहे तो तिचा," मी म्हणाले.

"तेलाला विचारा तो कोण आहे," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

होडीतून परतताना क्लेतोने काहीच थट्टा केली नाही. त्याचा उजवा हात तेव्हा नवा नवा झटकायला लागला होता. अधूनमधून आपणच उडायचा, समोर पेला असो की माणूस. तो त्या हाताकडे बघत म्हणाला, "मामाला शेवटी चमचा धरता येत नव्हता, आठवतं? इंदाय," धाकट्या बहिणीला तो असंच म्हणायचा, "मला बाकी काही नको. हात माझे आहेत तोवर एकदा नातवंड हातात घ्यायचंय."

मूल झालं. बोटीवर परत जाण्याआधी जुनेल गुपचूप येऊन सांगून गेला. मुलगा. तो सांगून गेला तसा क्लेतो उठला आणि उलट्या पावलांनी विहिरीपर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "होडी काढ."

"दारात उभं करणार नाही ती."

"दारात कोण जातंय? तिच्या खिडकीसमोर माड आहे. नदीवर झुकलेला."

मी हातातली टोपली खाली ठेवली. "तुला वेड लागलंय, मानोंग. संध्याकाळची वेळ, घरात ओली बाळंतीण, आणि तू समोरच्या झाडावर बसणार? कोयता आधी पडेल, नाव नंतर विचारतील."

"मग काय," तो म्हणाला, "फुकटात बरा होईन."

नदी त्या संध्याकाळी एकदम गप्प होती. पलीकडच्या काठावर कुत्री बसली होती. आम्हाला बघून ती उठली, पण भुंकली नाहीत. क्लेतोने माडाला हात लावला आणि सरळ झाला. मी खोडाला पाठ लावून उभी राहिले. वर खरखर झाली, मग तीही थांबली.

खिडकीत मेरिविक होती, पोराला खांद्यावर घेऊन. तिने वर पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. ओरडते की काय असं मला वाटलं. झावळ्यांत तो बसला होता, अजिबात न हलता, चेहरा सरळ तिच्याकडे. बापाचा चेहरा समोरून तिने वर्षांनुवर्षं पाहिला नव्हता.

"तातय," ती अगदी हळू म्हणाली, "तुमची मान सरळ आहे."

"दाखव," तो म्हणाला.

तिने पोर दोन्ही हातांनी खिडकीबाहेर धरलं. तो वाकला. एक हात खोडावरून सुटला, आणि पुन्हा खोडावर गेला. "नाही जमत गं," तो म्हणाला. "वर हात मोकळे नाहीत. आणि खाली हात माझे नाहीत."

तेवढ्यात कोन्सोर्सिया घराला वळसा घालून आली. हातात पाकट माशाची वाळलेली शेपटी होती. आस्वांगाला असल्या शेपटीनेच मारतात, आणि माणसालाही ती हाडापर्यंत कापते. तिने आधी मला पाहिलं, मग वर. तिच्या डोक्यावर, बाळंतिणीच्या खिडकीपाशी, तिन्हीसांजेला ते बसलं होतं आणि पापणीही लवत नव्हती. तिच्या आजीने तिला जे सांगितलं होतं ते सगळं तिथे होतं.

"बाजूला हो, पेता."

"आधी मला मारा, विहीणबाई," मी म्हणाले. "तेल टांगलंय ना दारात? मग त्याला विचारून या."

ती गेली. शिडी करकरली. मग काहीच ऐकू आलं नाही, इतका वेळ की मेरिविकने मान वळवून आत पाहिलं. कोन्सोर्सिया परत आली तेव्हा शेपटी जमिनीवरून ओढत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो राग नव्हता. तेल उकळलं नव्हतं, आणि मला खात्री आहे, ते उकळलेलंच तिला हवं होतं.

"उतरा, व्याही," ती म्हणाली. "वर चला."

आत दिवा लावला होता. मेरिविकने आपलं पातादयोंग, कमरेला गुंडाळायचं लुगड्याएवढं कापड, सोडून बापाच्या छातीशी पोराला घट्ट बांधलं. हात उडाले तरी पोर पडणार नव्हतं. क्लेतो भिंतीला टेकून बसला. मान डावीकडे गेली, हात झटकला, पाय थरथरले, आणि ते पोर त्या सगळ्या हलण्यात जांभई देऊन झोपलं. त्याने हनुवटीने त्याच्या टाळूला स्पर्श केला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, मी ते पुसलं नाही.

खांबावरची बाटली उकळायला लागली.

कोन्सोर्सिया दाराला टेकून उभी होती. ती ओरडली नाही. खालच्या आवाजात, जणू पापाची कबुली देतेय, असं बोलायला लागली. "हे पोर जन्मल्यापासून तेल रोज उकळतंय. मेरिविक न्हाणीत असते, घरात मी आणि हे. मी झोळीला झोका देत बसते, हे शांत झोपलेलं असतं, आणि बाटलीत फेस येतो. मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं नदीपलीकडून व्याही काहीतरी करताहेत. आज व्याही डोक्यावर येऊन बसले, आणि तेल गप्प. मग..." तिने पोराकडे बघायचं टाळलं. "मग आस्वांग कोण, व्याही?"

मेरिविकने बापाचा दंड धरला. बाटलीतला बारीक आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

क्लेतोची मान डावीकडेच होती, आणि डावीकडे खांब होता. तो खांबाकडे बघत राहिला.

"विहीणबाई, झोळी कशाला बांधलीय?"

"खांबाला."

"आणि बाटली?"

तिने खांबाकडे पाहिलं.

"इंदाय," तो मला म्हणाला, "माझे पाय दाब. घट्ट. खालचे बांबू हलता कामा नयेत."

मी अंग टाकून त्याचे पाय दाबले. बाटलीतला फेस बसत गेला, तेल निवळलं. "आता झोळीला झोका दे," तो मेरिविकला म्हणाला. रिकामी झोळी पुढेमागे जायला लागली, खांब करकरला, आणि तळातून बुडबुडे निघाले. तिने झोळी धरली. तेल थांबलं. सोडली, पुन्हा उकळलं. आम्ही सगळी त्या रिकाम्या झोळीकडे बघत होतो. कळल्यावरही मला ती बघवत नव्हती.

कोन्सोर्सिया मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. "माझ्या मेलीच्या डोक्यात... म्हणजे पोराला काही नाही. काही नाही ना, व्याही? चांगलं आहे ना पोर?"

इथे थांबता आलं असतं. पोर त्याच्या छातीशी होतं, विहीण हसत होती, शिडी मोकळी झाली होती. त्याच्या ओठांवर काहीतरी चावट आलेलं मला दिसलं. ते त्याने गिळलं. एव्हाना त्याला पाणीसुद्धा नीट गिळता येत नव्हतं.

"तेल खोटं बोललं, विहीणबाई," तो म्हणाला. "डॉक्टरीण नाही बोलली. हा माझ्या पोरीचा मुलगा आहे. अडतिशी ओलांडली की याचं पाऊल आत वळेल, नाहीतर वळणार नाही. निम्मं निम्मं. तेव्हा मी नसेन, तुम्हीही नसाल."

मेरिविकने मान खाली घातली. तिला माहीत होतं. सासूला सांगायचा धीर झाला नव्हता.

कोन्सोर्सिया उठली. आता काय होतं या भीतीने मी पोराच्या कापडाची गाठ धरली. ती क्लेतोसमोर येऊन बसली, त्याच्या डाव्या बाजूला, तो बघू शकेल अशी. प्रथमच तिचा हात क्रुसावर नव्हता. तिने त्याची वळलेली मान पाहिली, बाहेर आलेली जीभ पाहिली, उडणारा हात पाहिला, एक एक करून, डोळे न वळवता. मग त्या सगळ्याच्या मध्ये झोपलेलं पोर पाहिलं.

"रोज येत जा, व्याही," ती म्हणाली. "तुम्हाला बघत बघत मोठा होऊ दे त्याला. पुढे झालंच, तर स्वतःला बघून घाबरायला नको."

कोन्सोर्सिया चुलीकडे गेली आणि तिने आणखी दोन माणसांचा भात चढवला.